नदीपर्यंत गेलेली बाई

या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे प्रकरण मी पुढं ढकलत आलो आहे. आधी नोकरीचं लिहून काढलं, मग लग्नाचं, मग आजारपणाचंसुद्धा. निपाणीतल्या त्या वर्षापाशी आलं की हात थांबायचा आणि मी उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचो. बायको एकदा म्हणालीही, "एवढ्या पाण्यानं झाडं कुजतील. त्यापेक्षा काय लिहायचं ते लिहून टाका की एकदाचं." तिला वाटतं, मी गरिबीबद्दल लिहायला लाजतो. गरिबीची लाज मला कधी वाटली नाही. उलट निवृत्तीच्या समारंभात आणि त्यानंतरच्या सत्कारांत मी आमच्या घराबद्दल, बिड्या वळणाऱ्या आईबद्दल आणि जुन्या कादंबऱ्या शिकवणाऱ्या इनामदार सरांबद्दल भरभरून बोललो आहे. समोरच्यांचे डोळे ओले झालेले बघून मलाही बरं वाटलेलं आहे. फक्त त्या गोष्टीतली एक बाई मी दर वेळी गाळली. ती गाळली की गोष्ट गोड होते.

आमचं घर बिडी कामगारांच्या गल्लीत होतं. त्या गल्लीत हवेतच तंबाखू असायची. बाहेरगावचा पाहुणा आला की उंबऱ्यात पाऊल टाकण्याआधी शिंकायचा आणि आम्ही पोरं हसायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, वखारीत पोती वाहायचे. आई कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा आणून घरी बिड्या वळायची. पानं रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असत. सकाळचा स्वयंपाक उरकला की आई पत्र्याचं माप पानावर धरून कातरीनं ती कापून ठेवायची आणि दुपार कलली की मांडीवर सूप घेऊन सोप्यावर बसायची. आमच्या घरापुढचा हा सोपा पश्चिमेला होता, त्यामुळं तिथं उजेड उशिरापर्यंत टिकायचा. दिव्याचा खर्च वाचतो म्हणून शेजारच्या बायकाही आपापली सुपं घेऊन तिथंच यायच्या. त्यांची बोटं बघत राहावीत अशी चालायची. पान, चिमूटभर तंबाखू, वळसा, टोक दुमडणं, दोरा. तोंडं मात्र मोकळी असत. संध्याकाळी आई तेच हात धुऊन ज्वारीच्या भाकरी थापायची, पण धुण्यानं काही जायचं नाही. आमच्या भाकरीला तंबाखूची एक बारीक कडसर चव असायची. आज बेळगावात सून अगदी मऊ भाकरी करते. मला ती गोड लागते, आणि तरी जेवण झाल्यावर काहीतरी खायचं राहिलं असं वाटत राहतं.

सोप्यावरचा एक रिवाज मात्र सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. काम संपवून उठताना प्रत्येक बाई उंबऱ्यापाशी उभी राहून पदर झाडायची. पदरातली तंबाखूची भुकटी घरात जाऊ नये, पोरांच्या डोळ्यांत जाऊ नये, एवढंच त्याचं कारण. पण झाडताना कुणीतरी म्हणायचंच, "झाडलं बाई सगळं." म्हणजे इथं बसून जे बोललो तेही इथंच झाडलं. सासू कशी बोलली, नवरा काय म्हणाला, कुणाच्या पोटात काय दुखतं, ते सगळं सोप्यावरच राहायचं. मी ते लहानपणापासून ऐकत होतो. कुणी मला ते शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजही नव्हती.

मी पी.यू.सी.च्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वर्गात गेलो तेव्हा इनामदार सर आम्हांला मराठी शिकवायला आले. बेळगावच्या जुन्या वकिली घराण्यातले, पांढरा शर्ट, हातात छत्री, उन्हाळा असो वा पावसाळा. अभ्यासाला एक फार जुनी कादंबरी होती. तिचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही. दिलं तर वाचणारे कादंबरीबद्दल बोलतील आणि जिच्याबद्दल लिहायला बसलोय ती पुन्हा मागं पडेल. कादंबरीत अंबिका नावाची एक सून होती. भरलेलं घर, कारभारी सासू, घरात असून नसल्यासारखा नवरा. आम्हांला ते सगळं आजीच्या लुगड्यासारखं जुनाट वाटायचं. सर एक पान वाचायचे आणि एकदम म्हणायचे, "पुस्तकं मिटा. आता सांगा, ही अंबिकेची सासू आज निपाणीत कुठं राहते?"

पहिल्या वेळी मागच्या बाकावरचा एक जण ताडकन उठून म्हणाला, "सर, आमच्या घरात!"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "बरं. मग अंबिका कोण रे?"

तो मुलगा उभाच राहिला. त्याचं हसू तोंडावरून उतरत गेलेलं मला अजून दिसतं. घरात सासू असली तर सून म्हणजे त्याची आई, हे त्याच्या त्या क्षणी लक्षात आलं होतं. सरांनी त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलं आणि फळ्याकडं न जाता तिथंच उभं राहून सांगितलं, "हे औषध जपून वापरायचं असतं. माणूस शोधा, पण नाव घेऊ नका. आणि ज्याचं त्याला विचारल्याशिवाय तर तोंडच उघडू नका. कादंबरीतल्या माणसाला दुखत नाही. आपल्या गल्लीतल्या माणसाला दुखतं."

पुढं मी बेळगावच्या कॉलेजात आयुष्यभर कादंबऱ्याच शिकवल्या. शिकवण्याची पद्धत सरांचीच. मात्र या शेवटच्या दोन वाक्यांवरून मी भरभर पुढं जायचो.

ती कादंबरी मी घरी सोप्यावर बसून वाचायचो. आधी मनातल्या मनात. मग एक दिवस आई म्हणाली, "मनात वाचून आमाला काय उपेग? मोठ्यानं वाच की रं." तेव्हापासून रोज वाचन सुरू झालं. मी खांबाला टेकून वाचायचो आणि बायका खाली मान घालून वळत ऐकायच्या. ऐकायच्या म्हणजे मला धड एक वाक्य पुरं करू द्यायच्या नाहीत. सासूनं अंबिकेकडून कोठीच्या किल्ल्या काढून घेतल्या तिथं कासाबाई उसळली. कासाबाई आमच्या समोरची, अंगानं जाड, तोंडानं फटकळ, सगळ्या गल्लीची बातमीदार.

"किल्ल्या घिऊन काय करती म्हातारी? कमरंला लावून नाचती?"

"तुला मिळाल्या तर तू नाचशील," आई म्हणाली.

"मला कोण द्यालंय? माझ्या घरात कुलूपच न्हाय. चोर आला तर त्योच काय तरी ठिऊन जाईल."

सगळ्या हसल्या. हसली नाही ती रुक्माक्का. ती आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. हडकुळी, कमी बोलणारी, बोटं सगळ्यांत चपळ. तिचा नवरा महादूअण्णा वखारीत आप्पांबरोबरच होता. त्यांची थोरली मुलगी शालन, माझ्याहून वर्षभरानं मोठी. त्या वर्षी शालनचं लग्न ठरलं होतं, बेळगावातल्या शहापुरात, मागावर साड्या विणणाऱ्यांच्या घरी. स्थळ कासाबाईनंच आणलेलं, तिचा भाऊ तिकडं कामाला होता म्हणून. सुपारी फुटली होती. मुलीला तंबाखूत हात घालावा लागणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर रुक्माक्का खूश होती. शालन सोप्यावर आली की ती तिच्या हातातलं सूप काढून घ्यायची. "र्‍हाऊ दे गं. हात वास मारत्यात. शापूरला जायाचं हाय तुला." लग्न ठरल्यानंतरच्या त्या महिन्यांत शालनच्या हातांना तिनं पान शिवू दिलं नाही.

मग ते प्रकरण आलं. अंबिका भर दुपारी चुलीवर भात ठेवून मागच्या दारानं निघून जाते. लेखकानं ते लांबलचक लिहिलं होतं, पण मी वाचत असताना कासाबाईला एकच काळजी लागली होती.

"भात चुलीवर ठिऊन गेली व्हय? करपंल की गं!"

"बाई चाललीया घर सोडून आन् हिला भाताची पडलीया," आई म्हणाली.

"मग? करपलेला भात घासायचा कुणी?"

प्रकरण तिथंच संपत होतं. मी पुस्तक मिटलं. तेव्हा रुक्माक्का मान वर न करता बोलली.

"लांब न्हाय गेली असणार ती. पायात वहाण न्हाय, हातात पिशवी न्हाय. अशी बाई नदीपतोर जातीया."

"तुला काय म्हाईत?" कासाबाई म्हणाली.

"मी गेलतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, गेलतो, आलतो. सगळ्यांची बोटं थांबली. रुक्माक्काची चालूच होती. शालन तेव्हा पाळण्यात होती म्हणाली. घरात काय झालं होतं ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. दुपारी पोर झोपलेलं बघून ती निघाली आणि वेदगंगेवर गेली. काठाला एक म्हातारा म्हशी धूत होता. त्याच्या दोन म्हशी होत्या आणि एक सारखी पळू बघत होती. त्यानं हिला हाक मारली, "पोरी, रिकामी हाईस न्हवं? हिचं दावं धर जरा." हिनं दावं धरलं. म्हैस ओढ काढत होती, हिला पाय रोवून उभं राहावं लागलं. पहिली धुऊन झाली, मग म्हाताऱ्यानं दुसरीही निवांत धुतली, शिंगांना माती लावून घासली. तोवर ऊन उतरलं. दावं परत घेताना तो म्हणाला, "जा आता. तुझं बी कोण तरी दावणीला असंल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आलो परत. पोर रडत व्हतं. घरात सांगितलं, शेण्या थापाय गेलतो. आजपतोर कुणाला ठावं न्हाय." तिनं दोरा तोडला. "हात मातूर चार दिस दुखालते. लई वडाळ म्हस."

मग कासाबाईनं, त्या फटकळ कासाबाईनं, आपल्या सुपातल्या वळलेल्या बिड्यांची एक मूठ उचलून रुक्माक्काच्या सुपात टाकली. दिवेलागणीला सगळ्या उठल्या. उंबऱ्यावर पदर झाडले. "झाडलं बाई सगळं," आई म्हणाली.

मी मात्र काहीच झाडलं नाही.

थोड्याच दिवसांत सरांनी मला बेळगावच्या एका वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं. विषय होता जुन्या कादंबऱ्या आणि आजचं जगणं. स्पर्धा शहापुरातल्या एका सभागृहात होती. मी भाषण लिहून काढलं, पाठ केलं आणि रिकाम्या वर्गात सरांपुढं म्हणून दाखवलं. सर छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "शिरपती, सगळं बरोबर आहे. पण यात माणूस कुठं आहे?"

तेव्हा मी त्यांना म्हशीची गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. सर उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "अख्ख्या कादंबरीला हे सुचलं नाही बघ. एखाद्या बाईला कुणी नुसतं दावं धर म्हटलं असतं तरी..." आणि वाक्य अर्धं सोडून माझ्याकडं वळले. "त्या बाईंना विचारलंस? सभेत सांगू का म्हणून?"

"व्हय सर. विचारलंय."

इतकं सहज गेलं ते तोंडातून. मी विचारायला जाणारही होतो. संध्याकाळी भिंतीपलीकडं तिचा आवाज आला, मी उठलोसुद्धा. पण ती नको म्हणाली तर भाषणात काय उरणार, हा विचार आला आणि परत बसलो. माझ्या अपराधाला काही रूप असेल तर ते एवढंच आहे. उठलेला मुलगा परत बसला.

सभागृहाबाहेर शहापुरातल्या मागांचा खडखडाट चालू होता. सभा सुरू झाल्यावर जवळचे एक-दोन माग थांबले आणि त्यांवरची माणसं खांद्यावर पंचा टाकून मागच्या खुर्च्यांवर येऊन बसली. अंबिकेपर्यंत माझं भाषण बरं चाललं होतं, नुसतं बरं. मग मी नदी सुरू केली आणि सभागृह गप्प झालं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या आवाजानं माणसं गप्प होतात हे कळणं फार वाईट. ती शांतता मला आणखी हवी होती. ठरलेल्या शेवटाशी आल्यावर मी थांबायला हवं होतं. पण समोर शहापूरची माणसं बघून, त्यांना ती गोष्ट आपली वाटावी म्हणून, भाषणात नसलेलं एक वाक्य मी तिथल्या तिथं जोडलं. म्हणालो, निपाणीच्या त्या बिडी वळणाऱ्या बाईची पाळण्यातली ती लेक आता मोठी झाली आहे आणि येत्या लगीनसराईत ती तुमच्याच या शहापुरात सून म्हणून येते आहे.

टाळ्या थांबेनात. सर उठून उभे राहिले. मला पहिलं बक्षीस मिळालं, एक चकचकीत कप. परतताना सरांनी खव्याच्या कुंद्याचा एक पुडा घेऊन माझ्या हातात दिला, "त्या बाईंना दे. माझ्याकडून सांग." दुसऱ्या दिवशी सोप्यावर मी तो फोडला. रुक्माक्कानं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "शापूरचा हाय? चांगला हाय की रं." उरलेला तुकडा तिनं शालनसाठी पदरात बांधून नेला.

मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांत नवऱ्या मुलाचा चुलता होता. पुढच्या आठवड्यात तो आणि आणखी दोन माणसं निपाणीला आली. घरात बसली नाहीत, पाणी घेतलं नाही. अंगणात उभ्यानंच बोलली. आईच्या रक्तातच घर सोडणं असलं तर लेकीचा काय भरवसा, असं काहीतरी. हे कुठं ऐकलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. महादूअण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती माणसं निघून गेल्यावर ते तिथंच उभे राहिले. सगळी गल्ली दारांत आली होती. मीही आमच्या सोप्यावर खांबामागं होतो. त्यांनी आरडाओरडा केला नाही. इतकंच विचारलं, "गेलतीस काय?"

"गेलतो," रुक्माक्का म्हणाली. आणि मग थोडं थांबून, "आन् आलतो बी."

महादूअण्णा आत गेले. पुढं कितीतरी वर्षं ते तिच्याशी कामापुरतं बोलायचे असं आई सांगायची. लग्न मोडलं. शालनचं नाव बदनाम झालं आणि जवळपासची स्थळं यायची थांबली. दोन वर्षांनी तिला खानापूरकडं एका बिजवराला दिली, रानालगतच्या गावात, माहेरापासून जमेल तितकं लांब.

शहापुराला हे कळवलं कुणी, असा प्रश्न आला तेव्हा गल्लीला फार शोधावं लागलं नाही. शहापुरात भाऊ कुणाचा? तोंड कुणाचं मोठं? कासाबाई छाती पिटून सांगायची, "माझ्या पोराची आन, मी न्हाय सांगितलं!" कुणी ऐकेना. महादूअण्णांच्या घरातल्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं, मग इतरांनी. ती काही दिवस सूप घेऊन सोप्यावर यायची, एका कडेला बसायची, कुणी तिच्याशी बोलायचं नाही. मग यायची बंद झाली. रुक्माक्काही परसात एकटी वळत बसायची. सोप्यावर आई तेवढी उरली. एका संध्याकाळी मी सवयीनं पुस्तक उघडलं तर ती मान वर करून माझ्याकडं बघत राहिली. फळीवरच्या कपाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आता हितं वाचू नगंस. कालिजातच वाच." आयुष्यभरात ती या विषयावर एवढंच बोलली. आईनं ओळखलं आहे हे मला कळलं होतं. समोरचं कासाबाईचं दार ओलांडून दोन वाक्यं बोलायची होती. मी अभ्यासाला लागलो, पहिल्या वर्गात पास झालो आणि बेळगावला गेलो.

यानंतर जे केलं ते तर वयाच्या माथी मारता येत नाही. प्राध्यापक झाल्यावर तीच कादंबरी मी वर्षानुवर्षं शिकवली, आणि अंबिकेचं ते प्रकरण आलं की म्हशीची गोष्ट सांगितली. नदीचं नाव बदललं, बिड्यांच्या जागी दुसरं काही घातलं. मुलं दर वर्षी तशीच गप्प व्हायची. जुन्या काळातल्या लेखकांना अंबिकेला नदीत ढकलल्याशिवाय शेवट का सुचला नाही, आणि आज आपण ती कादंबरी वाचताना काठावरचा तो म्हातारा का शोधायचा, असं मी समजावून सांगायचो. माझा तो तास प्रसिद्ध होता. दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन मागं उभी राहायची.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी सदलग्याची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. गोष्ट संपल्यावर तिनं हात वर केला. "सर, त्या बाईंना माहीत आहे का, तुम्ही हे सांगता ते?"

"का गं?"

"नाही, आमच्यात कुणी एकीनं विश्वासानं पाठवलेला मेसेज दुसरीनं ग्रुपवर टाकला ना, तर आम्ही तिच्याशी बोलतच नाही. कितीही चांगल्यासाठी टाकला असला तरी." मग तिला वाटलं आपण जास्त बोललो. "सॉरी सर. गोष्ट खूप छान होती."

जुन्या कादंबरीचा आजच्या जगण्याशी संबंध दाखवायला मी पस्तीसेक वर्षं धडपडलो. तिनं तो बसल्या जागी दाखवला. तास अर्धा उरला होता, मी वर्ग सोडून दिला.

निवृत्त झाल्यावर मी निपाणीला गेलो. आई-आप्पा गेल्यानंतर आमचं घर विकलं होतं, तिथं आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीपलीकडं रुक्माक्काचं घर तसंच होतं. महादूअण्णा केव्हाच गेले होते. नवरा वारल्यावर शालन आईकडं परत आली होती आणि तिचं करत होती. दार तिनंच उघडलं. केस पांढरे, हात मात्र बघितले मी, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली. तिनं मला ओळखलं, "सर, या की," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. रुक्माक्का खाटेवर बसली होती. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं.

"आक्का, मी शिरपा."

"कंचा शिरपा? वाचणारा?"

"व्हय."

"मग, पुढं काय झालं रं तिचं? चुलीवर भात ठिऊन गेलती न्हवं ती?"

मी बसमध्ये एक वाक्य पाठ करून आलो होतो. ते घशात तयार होतं. पण तिनं विचारलं होतं हे, आणि कादंबरीचा शेवट मला तोंडपाठ होता. अंबिका नदीवर जाते आणि परत येत नाही. मी म्हणालो, "नदीवर गेली, आक्का. आणि मग आली परत."

"खोटं," रुक्माक्का म्हणाली. "परत आली असती तर पुस्तकात कोण घालंल तिला? परत आलेल्या बाईचं कोण सांगतंय?" आत स्टोव्हचा आवाज येत होता. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू एकट्यानं सांगितलंस. शापूरला. म्हस नीट सांगितलीस न्हवं?"

तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. गल्ली कासाबाईवर तुटून पडली होती तेव्हाही, आणि तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. का, ते मला आजही कळलेलं नाही. मी शिकत होतो म्हणून असेल, आईसाठी असेल.

शालन चहा घेऊन आली. कपबशी माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "कासाबाई गेली मागच्या म्हैन्यात, कळलं काय सर? मी न्हाय गेलो मातीला. तिच्या तोंडापायी माझा जल्म वाया गेला."

"कासी तसली नव्हती गं," रुक्माक्का म्हणाली.

"तू गप. तुला समदी चांगलीच."

रुक्माक्कानं तोंड माझ्या दिशेनं वळवलं. त्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ती माझ्याकडंच बघत होती आणि वाट बघत होती. शालन पदरानं हात पुसत उभी होती. दाराबाहेर दुकानातलं गाणं चालू होतं. हवा तेवढा वेळ होता. भिंतीपलीकडं एकदा उठून परत बसलेला तो मुलगा खुर्चीवर बसून राहिला.

"गार हुईल, प्या की सर," शालन म्हणाली.

मी चहा प्यालो. चांगला झाला होता, तसं म्हणालोही. निघालो तेव्हा शालन उंबऱ्यापर्यंत आली. "परत या. आईला बरं वाटलं. जुनं कुणी येत न्हाय आता." मी परत गेलो, पण तेव्हा खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. तेव्हाही शालननं चहा केला आणि तेव्हाही मी प्यालो. ती अजून त्याच घरात आहे. मला अजून सर म्हणते.

पहिल्यांदा बसमध्ये पाठ केलेलं वाक्य फार पुस्तकी होतं. नंतरच्या खेपांना मी ते सोपं करत गेलो, निपाणी येईपर्यंत त्यातले बरेच शब्द गळायचे. आता ते इतकं लहान झालं आहे की एका श्वासात म्हणता येईल. शालनआक्का, तुझं लगीन माझ्या तोंडानं मोडलं. कासाबाईच्या न्हाय.